तक्रार क्रमांक ३६३५१६

पेशवेकालीन अनेक पत्रांवर चंद्र आणि महिना असतो, सन नसतो. आज्ञावलींचा इतिहास चाळताना मला उलटीच अडचण येते. कोणती ओळ कोणी, कोणत्या दिवशी बदलली याची नोंद मिनिटासकट मिळते. का बदलली, हे मात्र तीत असेलच असे नाही. ते असते दुसऱ्या दप्तरात, तक्रारींच्या वहीत. बदलाच्या टिपणात तक्रारीचा क्रमांक लिहिलेला असेल तरच ही दोन दप्तरे जुळतात.

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत हा रिवाज जुना आहे. तिची तक्रारवही इयन जॅक्सन यांनी १९९४च्या सुमारास रचली. टिपणात ‘क्लोजेस’ हा शब्द आणि क्रमांक लिहिला की तक्रार आपोआप निकालात निघते. सोय अगदी कारकुनी. तिचे मोल कळते ते २००८च्या प्रकरणात.

त्या वर्षी १३ मे रोजी डेबियनने जाहीर केले, की आपल्या ओपनएसएसएलमधून निघणाऱ्या गुप्त किल्ल्या ओळखता येण्याजोग्या आहेत. दोष लुसियानो बेलो यांना सापडला होता. किल्लीसाठी लागणारी यादृच्छिकता आटून केवळ प्रक्रियेच्या क्रमांकावर आली होती आणि तो क्रमांक ३२,७६८च्या पुढे सहसा जात नसे. सप्टेंबर २००६पासून हे चालू होते. उबुंटूही त्यात सापडली. असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या नव्याने कराव्या लागल्या.

असा बदल पाहिला की संशोधकाच्या मनात आधी घातपाताची शंका येते. मलाही आली. पण टिपणात क्रमांक होता: ३६३५१६. त्या तक्रारीपाशी गेले की सगळा उलगडा होतो. व्हॅलग्रिंड हे तपासणीचे साधन, आरंभमूल्य न दिलेली स्मृती वापरली जाते म्हणून इशारे देत होते. ते थांबवण्यासाठी अक्षरशः सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यांतली एक खरोखरच गाळण्याजोगी होती. दुसरीतून मात्र सारी यादृच्छिकता आत येत होती.

एका माणसाच्या हेतूवरचा संशय त्या सहा आकड्यांनी दूर केला, असे मी मानतो. मात्र वहीत तक्रार रीतसर निकाली निघाली होती, आणि निकाली निघालेल्या तक्रारीकडे पुन्हा कोण पाहतो? पुढे जवळजवळ दोन वर्षे त्या दुसऱ्या ओळीकडे कोणाचे लक्ष गेले नाही.