उदरपिटिका (पोटावरील तांबड्या पुटकुळ्या)

पोटाच्या त्वचेवर उठणाऱ्या लहान, बहुधा तांबूस व पुष्कळदा खाजणाऱ्या उंचवट्यांचा निर्देश येथे या नावाने केला आहे. हा स्वतंत्र रोग नव्हे. घाम, कीटक, कवक, वस्त्रांचे घर्षण, ॲलर्जी व अंतर्गत ज्वर अशा परस्परभिन्न कारणांचे हे एकच बाह्य चिन्ह होय. सावळ्या त्वचेवर तांबडेपणा मंद दिसत असल्यामुळे खाजेची वेळ, पुटकुळ्यांचे बेंबीशी व कमरेशी असलेले स्थान आणि घरातील इतर माणसांची अवस्था यांचा दाखला रंगापेक्षा अधिक विश्वसनीय मानावा. प्रस्तुत नोंदीतील स्थानिक तपशील मुख्यतः लखनौ शहराशी संबंधित आहे.

घामोळे : लखनौत मे-जूनमधील कोरड्या लूमध्ये घाम तत्काळ वाळतो, परंतु पावसाळी वारे सुरू होऊन उष्मा तसाच राहिला आणि हवेतील दमटपणा तेवढा वाढला, म्हणजे घाम अंगावरच साचून घर्मनलिकांची मुखे बुजतात व कमरेच्या नाडीखाली, पोटावर आणि पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढ्या पुटकुळ्या टोचू लागतात. थंड पाण्याचे स्नान, वारा, सैल सुती वस्त्रे आणि कॅलामाइनचा लेप एवढ्याने बहुधा थोड्या दिवसांत उतार पडतो. तान्ह्या मुलांच्या पोटाला या ऋतूत मोहरीचे तेल चोळण्याचा प्रघात नलिका अधिकच बुजवतो; तो तेवढ्या काळापुरता तरी बंद ठेवावा.

खरूज : बेंबीभोवती, कमरेवर, बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर व जननेंद्रियांवर पुटकुळ्या असून रात्री अंथरुणात शिरताच खाज अनावर होत असेल, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत खरूजच समजावी. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असलेली खरजेच्या किड्याची मादी त्वचेत बीळ करून अंडी घालते. या किड्याचा आणि खाजेचा कार्यकारणसंबंध इटालियन वैद्य बोनोमो याने १६८७ साली पत्रद्वारे मांडला होता, परंतु वैद्यकाने तो मान्य करण्यास दीड शतक घेतले. प्रथम संसर्गानंतर खाज सुरू होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. या अवधीत निरोगी दिसणारा मनुष्यही रोग पसरवीत असतो, आणि एकट्या रुग्णावर केलेला इलाज व्यर्थ जाण्याचे मुख्य कारण हेच होय. म्हणून घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिन मलम मानेपासून तळव्यांपर्यंत, बेंबी व नखांखालील भागही न वगळता, लावून आठ ते बारा तासांनी धुवावे व आठवड्याने तीच क्रिया पुन्हा करावी. कपडे व चादरी कढत पाण्याने धुवाव्यात अथवा पिशवीत तीन दिवसांहून अधिक काळ बांधून ठेवाव्यात. गर्भिणी व तान्ही मुले यांच्यासाठी गंधकाचे मलम हा फार जुना उपाय आहे. तान्ह्यांच्या डोक्यालाही औषध लागते, म्हणून ते वैद्याच्या सल्ल्यानेच द्यावे. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनानुसार दोन मात्रांत देतात. १५ किलोग्रॅमहून कमी वजनाच्या मुलांस व गर्भिणीस त्या सामान्यतः वर्ज्य आहेत. किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे टिकते, आणि औषध लागू पडले नाही अशा समजुतीने मलम पुनःपुन्हा चोळल्यास निराळाच दाह उद्‌भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली खरजेचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत केला.

लखनौत १९०२ साली हकीम अब्दुल अजीज यांनी तक्मील-उत्-तिब्ब महाविद्यालय स्थापिले आणि १९११ साली किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन सुरू झाले. त्यामुळे त्वचारोगांच्या युनानी व पाश्चात्य चिकित्सा येथे शेजारी नांदत आल्या. हकिमांच्या रक्तशोधक काढ्यांत शाहतरा व उन्नाब या वनस्पतींना मान आहे. तथापि खरजेत किड्याचा नाश बाह्य लेपाने वा सिद्ध औषधाने करणे भागच आहे.

कटिबंधदाह : साडी, परकर, धोतर वा पायजमा यांच्या घट्ट बांधणीखाली प्रथम पुटकुळ्या, मग काळवंडलेला, जाड पट्टा दिसतो. बेंबीखाली एकाच जागी दाह असल्यास पट्ट्याच्या बक्कलातील वा गुंडीतील निकेलची ॲलर्जी संभवते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांनी सहकारी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली धोतराच्या बांधणीखाली उद्‌भवणाऱ्या कर्करोगाची नोंद केली. असा परिणाम विरळा असला, तरी कमरेवरील न भरणारा व्रण त्वचेचा तुकडा तपासून घेतल्याशिवाय सोडू नये. नाडीऐवजी रुंद पट्टी वापरून बांधणीची जागा रोज बदलावी.

नायटा : कडेने पुटकुळ्या व मधे निवळलेली त्वचा असे वर्तुळ. पसरणाऱ्या नायट्यास कवकनाशक औषध पुष्कळ आठवडे लागते. अलीकडे टर्बिनाफिन या कवकनाशकाला दाद न देणारी कवके भारतात आढळत असल्याने प्रथम कोणते औषध द्यावे याविषयी तज्ज्ञांत एकमत नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज शमते, पण वर्तुळ पसरते आणि निदान झाकले जाते. अशा अनेक मलमांची विक्री चिठ्ठीवाचून होऊ नये अशी तजवीज केंद्र सरकारने २०१८ साली केली; अंमलबजावणी शिथिल असल्याने दुकानात मागितलेले मलम वापरण्यापूर्वी त्यातील घटक पाहावेत.

शीतपित्त : अंगावर उठणाऱ्या गांधी काही तासांत जागा बदलतात; झोप न आणणारी ॲलर्जीविरोधी औषधे देतात. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द व कोठ यांचा एकत्र विचार आहे.

आंत्रज्वर (विषमज्वर) : ज्वराच्या सुमारे दुसऱ्या आठवड्यात पोटावर व छातीच्या खालच्या भागावर दोन ते चार मिलिमीटरचे, दाबले असता मावळणारे, न खाजणारे गुलाबी ठिपके काही रुग्णांत दिसतात. सावळ्या वर्णात ते सहज निसटतात. त्यांच्या अभावाने विषमज्वर नाकारू नये, आणि प्रतिजैविके सुरू करण्यापूर्वी रक्तसंवर्धनासाठी नमुना घ्यावा.

नागीण : एकाच बाजूस, पट्ट्यासारखे, वेदनायुक्त फोड; ते उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू करणे इष्ट.

तातडीची लक्षणे : ज्वरासह उठलेले व काचेच्या पेल्याने दाबूनही न मावळणारे ठिपके, ओठांची वा जिभेची सूज, श्वासाची धाप, तोंडातील व्रण किंवा त्वचा सोलवटणे. यांपैकी एकही आढळल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.