विलायतेची वाट आणि पारपत्राचा कागद

वाचकहो, आपल्या भंडारा जिल्ह्यात हल्ली बऱ्याच घरांतून शाळेचे दाखले आणि शेतीचे सातबारा ज्या पिशवीत ठेवलेले असतात, त्याच पिशवीत एक निळे पुस्तकही दिसू लागले आहे. हे पारपत्र म्हणजे पासपोर्ट. ते हाती आले की युरोपचे दार उघडले, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. पारपत्र हे आपल्या सरकारने दिलेले ओळखपत्र. व्हिसा ही परक्या सरकारने दिलेली आत येण्याची परवानगी. ती लागेल की नाही हे माणसाच्या विद्वत्तेवर ठरत नाही, तो कोणत्या देशाचा नागरिक यावर ठरते. हे असे केव्हापासून झाले, याचा इतिहास आपल्या मुलांनी जाणून घेण्यासारखा आहे.

एके काळी असे नव्हते. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली शिक्षणासाठी मुंबईहून इंग्लंडला गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर झाले. पुढे मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांत त्यांचे नाव आले. सर सय्यद अहमद खान १८६९ च्या एप्रिलमध्ये बनारसहून निघाले. त्या वेळी जबलपूर ते मुंबई हा लोहमार्ग पुरा झालेला नव्हता. म्हणून जबलपूरहून नागपूरपर्यंतची मजल त्यांनी रस्त्याने मारली आणि नागपूरला मुंबईची गाडी धरली. म्हणजे अलीगढच्या कॉलेजची कल्पना ज्या प्रवासात पक्की झाली, तो प्रवास आपल्या शेजारून गेलेला आहे! १९०६ साली मुंबईच्या अतिया फैजी सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनच्या अध्यापिका विद्यालयात दाखल झाल्या. त्या काळी रशिया आणि तुर्कस्तान यांसारखे थोडे देश वगळले, तर युरोपात शिरताना कोणी पारपत्र मागत नसे. अडचण होती ती पैशाची, समुद्राची आणि घरच्यांच्या संमतीची. (शेवटची अडचण, विशेषतः मुलींच्या बाबतीत, अजूनही सर्वत्र संपली आहे असे म्हणवत नाही.)

दार बंद केले ते पहिल्या महायुद्धाने. हेरांच्या भीतीने सर्व राष्ट्रांनी सरहद्दीवर कागद मागण्यास सुरुवात केली. हिंदुस्थानातही युद्धकाळात पारपत्राची सक्ती झाली. युद्ध संपले, सक्ती मात्र राहिली. १९२० मध्ये येथे पारपत्राचा कायदा झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रसंघाने पॅरिसला परिषद भरवून सर्व देशांच्या पारपत्राचा नमुना एकसारखा असावा अशी शिफारस केली.

त्या वेळच्या पारपत्रात एक गंमत होती. भंडारा हा ब्रिटिश मुलूख, तेव्हा येथील माणसाच्या पारपत्रावर ‘ब्रिटिश प्रजाजन’ असे लिहिले जाई. पण पूर्वेला लागून असलेल्या नांदगाव किंवा खैरागड संस्थानातील माणूस ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ ठरे. बोली तीच, बाजार तोच, सोयरीकही होत असे. कागदावर मात्र दोन जाती!

स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये देशात पहिली पाच प्रादेशिक पारपत्र कार्यालये निघाली. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली यांच्या जोडीला पाचवे होते आपले नागपूर, कारण तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशची राजधानी होती. परंतु कार्यालय जवळ असले म्हणून पारपत्र मिळेच असे नाही. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनमध्ये जाण्यास भारतीयाला १९६२ पर्यंत मोकळीक होती. उलट आपलेच सरकार कमी शिकलेल्या, गरीब माणसाला पारपत्र नाकारीत असे. तेथे गेल्यावर त्याचे हाल होतील, अशी सबब होती. हेतू चांगला असेलही. पण ज्याला जायचे त्याला विचारले कोणी?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि १० एप्रिल १९६७ रोजी पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की, परदेशी जाण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. विरुद्ध मत देणाऱ्या दोघांत न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, पुढे केंब्रिजला शिकलेले आणि नंतर भारताचे सरन्यायाधीश झालेले हे गृहस्थ आपल्या भागाला अभिमानास्पदच आहेत; तरी या खटल्यात बहुमताचा निर्णयच योग्य होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्र कायदा अमलात आला आणि सरकारला नकार देताना कारण दाखविणे भाग पडले.

इकडचे दार उघडले, तोवर तिकडचे मिटू लागले होते. १९६२ च्या कायद्याने ब्रिटनने राष्ट्रकुलातील लोकांच्या कायम येण्यावर बंधन घातले. १९६८ मध्ये तर पूर्व आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना, त्यांच्या हाती ब्रिटिश पारपत्र असूनही, अडविले. ऑक्टोबर १९८६ पासून केवळ भेटीस जाणाऱ्या भारतीयालाही आधी व्हिसा घेणे आवश्यक झाले. नियम लागू होण्याच्या आधीच्या दिवसांत लंडनच्या विमानतळावर आपल्या लोकांची रीघ लागली होती. त्याच सुमारास बाँबस्फोटांनंतर फ्रान्सनेही बहुतेक परदेशीयांवर व्हिसा लादला.

याच काळात युरोपातील देश आपसांतल्या भिंती पाडीत होते, हे ध्यानात घ्या. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या छोट्या गावी पाच देशांनी करार केला. १९९५ पासून तो प्रत्यक्षात आला आणि आज त्यात २९ देश आहेत. एका व्हिसावर या सर्व देशांत फिरता येते, मात्र कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच. कोणत्या देशाच्या नागरिकाला व्हिसा लागतो आणि कोणाला नाही, याच्या दोन याद्या आहेत. भारत पहिल्या यादीत आहे. त्यामुळे एकाच घरात ब्रिटिश नागरिकत्व घेतलेला मुलगा पॅरिसला तिकीट काढून जातो आणि त्याच्या आईला बँकेचे उतारे, ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. दोन्ही नागरिकत्वे ठेवण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. गोव्यातील ज्या कुटुंबांनी पोर्तुगीज पारपत्र घेतले, त्यांना भारताचे नागरिकत्व सोडावे लागले.

आता विद्यार्थी मित्रांसाठी दोन शब्द. शिक्षणासाठी ९० दिवसांहून अधिक राहायचे असेल तर शेंगेनचा व्हिसा चालत नाही. ज्या देशात शिकायचे त्याच देशाचा स्वतंत्र व्हिसा घ्यावा लागतो. ब्रिटन आणि आयर्लंड तर या व्यवस्थेच्या बाहेरच आहेत. दुसरे असे की, दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर ठरावीक देशांत, त्यांत आखाती देश आले, नोकरीस जाण्यापूर्वी सरकारी मंजुरीची अट लागते; दहावीच्या प्रमाणपत्राने ती टळते.

आणि पालकांनी एवढे अवश्य करावे: मुलाचे नाव शाळेत घालतानाच नीट घालावे. शाळेत ‘शेख’ आधी, आधारकार्डावर शेवटी, वडिलांच्या पारपत्रावर ‘मोहम्मद’ पूर्ण आणि मुलाच्या दाखल्यावर नुसते ‘मो.’, असा घोळ आपल्या समाजात फार आहे. जन्मतारखेचेही तेच. हजला जाणाऱ्यांना पूर्वी वेगळा यात्रेकरू पास मिळे, तेव्हा हे खपून गेले. २००९ पासून त्यांनाही आंतरराष्ट्रीय पारपत्रच लागते. दाखल्यातील दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत सोपी असते.