वऱ्हाडचा उन्हाळा आणि जलशीतित संगणकाचे पंखे

संगणक पाण्याने थंड ठेवण्याची पद्धत एकेकाळी मोठ्या संशोधन संस्थांपुरती मर्यादित होती. पुण्याच्या सी-डॅकने राष्ट्रीय महासंगणक अभियानांतर्गत उभारलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक २०१९ मध्ये पुण्यातील आयसर या संस्थेत कार्यान्वित झाला, तेव्हा त्यातील थेट द्रवशीतन प्रणालीचा आवर्जून उल्लेख झाला होता. तेच तत्त्व लहान रूपात घरगुती आणि व्यावसायिक संगणकांत रुळले आहे. लग्नाचे चित्रीकरण संपादित करणारे स्टुडिओ, फलकांची रचना करणारे व्यावसायिक, वास्तुरचनेचे आराखडे काढणारे तरुण या साऱ्यांना शक्तिशाली प्रोसेसर लागतो आणि शक्तीबरोबर उष्णताही येते. वाशीमसारख्या जिल्ह्यात तर लग्नसराई आणि कडक उन्हाळा एकाच वेळी येतात. ज्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्याच महिन्यांत चित्रफितीचे काम रात्र-रात्र चालू ठेवावे लागते. अशा वेळी जलशीतन प्रणालीवरील पंखे योग्य नसतील, तर प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो आणि रात्रीत संपणारे काम सकाळपर्यंत रेंगाळते. पंखे केवळ जोरकस घेतले, तर खोलीत बसवत नाही. या दोन्ही टोकांमधला मार्ग कसा काढावा, याचा हा आढावा.

पाणी उष्णता वाहून नेते, घालवत नाही

जलशीतित संगणकात प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसविलेला असतो. पंप त्यातून पाणी फिरवतो, ते पाणी तापून रेडिएटरमध्ये येते आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमधून पंखा हवा ढकलतो. म्हणजे उष्णता अखेर हवेतच सोडली जाते. पाण्याचे काम केवळ वाहतुकीचे. खरी विल्हेवाट पंखा लावतो.

याचा हिशेब सोपा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल उष्णता लागते. प्रणालीतून मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल आणि प्रोसेसर २५० वॉट उष्णता देत असेल, तर ठोकळ्यात शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात जेमतेम एका अंशाचा फरक पडतो. हवेची क्षमता मात्र अगदी तोकडी. तेवढीच उष्णता दहा अंशांनी तापणाऱ्या हवेने वाहून न्यायची, तर मिनिटाला सुमारे ४४ घनफूट हवा रेडिएटरमधून प्रत्यक्ष जावी लागते. त्यामुळे पंपावर अधिक खर्च करण्यापेक्षा रेडिएटर आणि पंखे यांची निवड विचारपूर्वक करणे हिताचे ठरते.

वाशीमचे गणित वेगळे का?

उत्पादक पंख्याची जी चाचणी घेतात, ती साधारणतः २०-२५ अंशांच्या वातावरणात. वाशीम शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. उंची आणि उन्हाळ्यातील तापमान यांच्या एकत्रित परिणामाने मे महिन्यातील दुपारी येथील हवा प्रमाणित हवेपेक्षा सुमारे एक अष्टमांशाने विरळ असते. विरळ हवा तितकीच कमी उष्णता नेते. वर सांगितलेले ४४ घनफूट येथे ५० घनफूट होतात.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची. रेडिएटर कितीही मोठा असला, तरी पाणी खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. खोलीत ४० अंश तापमान असेल आणि पाणी त्याहून १२ अंश वर राहत असेल, तर पाणी ५२ अंशांवर स्थिरावते. प्रोसेसर पाण्याहून आणखी २५ ते ३५ अंश तापतो, म्हणजे तो ७७ ते ८७ अंशांच्या घरात पोहोचतो. अलीकडच्या बहुतेक शक्तिशाली प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ ते १०० अंशांची असते. हाताशी उरलेले अंतर फारसे नाही. शिवाय अनेक तयार जलशीतन संचांत पाण्याचे तापमान ६० अंशांच्या आत ठेवावे, अशी सूचना असते.

डिसेंबरमधील रात्री हेच चित्र पालटते. खोली २० अंशांवर असताना पंखे अर्ध्या वेगाने चालवले आणि पाणी हवेपेक्षा २० अंशांनी अधिक तापले, तरी ते ४० अंशांवरच राहते, म्हणजे मे महिन्यापेक्षा बारा अंशांनी थंड. म्हणून वऱ्हाडात पंखा निवडताना पहिला निकष असा: उन्हाळ्यात पूर्ण वेगाने पुरेसा आणि हिवाळ्यात मंद वेगाने जवळजवळ नि:शब्द, अशी दोन्ही रूपे एकाच पंख्यात हवीत. साधारण ४००-५०० पासून १८००-२००० फेऱ्यांपर्यंत वेग बदलता येणारा पंखा या दृष्टीने सोयीचा. केवळ १२०० फेऱ्यांपर्यंत जाणारा ‘शांत’ पंखा थंड प्रदेशात चालतो. येथे मे महिन्यात तो उणा पडण्याची शक्यता अधिक.

हवा किती, यापेक्षा दाब किती

पंख्याच्या खोक्यावर हवेचा प्रवाह ठळक अक्षरांत छापलेला असतो. हा आकडा पंख्यापुढे कोणताही अडथळा नसतानाचा असतो. रेडिएटरचे दाट पत्रे पुढे आले की तो प्रवाह निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतो. अडथळ्यातून हवा ढकलण्याची क्षमता स्थिर दाबाच्या आकड्यावरून कळते. हा दाब पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरमध्ये देतात.

ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआ कंपनीच्या दोन पंख्यांची तुलना येथे बोलकी आहे. ‘एनएफ-एस१२ए’ हा पंखा १२०० फेऱ्यांना तासाला १०७.५ घनमीटर हवा देतो, पण त्याचा दाब १.१९ मिलिमीटर. ‘एनएफ-एफ१२’ हा १५०० फेऱ्यांना ९३.४ घनमीटर हवा देतो, मात्र त्याचा दाब २.६१ मिलिमीटर. प्रवाहाचा आकडा पाहून पहिला घेण्याचा मोह होतो. तो कॅबिनेटच्या मोकळ्या जाळीसाठी उत्तम आहे. रेडिएटरसाठी मात्र दुसरा योग्य. याच कंपनीच्या ‘एनएफ-ए१२x२५’ या पंख्यात पाते आणि चौकट यांतील फट अवघी अर्धा मिलिमीटर ठेवली आहे. फट जितकी कमी, तितकी हवा मागे निसटत नाही. २००० फेऱ्यांना त्याचा दाब २.३४ मिलिमीटर आणि प्रवाह १०२.१ घनमीटर आहे. आर्क्टिक कंपनीचा ‘पी१२’ हा तुलनेने स्वस्त पंखाही १८०० फेऱ्यांना २.२ मिलिमीटर दाब देतो. ढोबळमानाने, कमाल वेगाला दोन मिलिमीटरहून अधिक दाब देणारा पंखा रेडिएटरसाठी विचारात घ्यावा.

पंख्याआधी रेडिएटर

पंखा कोणता हवा, हे रेडिएटरवर ठरते. एका इंचात किती पत्रे आहेत, हे पाहावे. दहा-बारा पत्र्यांचा विरळ रेडिएटर मंद पंख्यालाही वाट देतो. वीस किंवा अधिक पत्र्यांचा दाट रेडिएटर जोरकस पंख्याशिवाय काम करत नाही. विरळ रचनेत धूळ कमी अडकते आणि अडकली तरी सहज निघते, हा आपल्याकडे विशेष फायद्याचा भाग. जाडीपेक्षा लांबी-रुंदी वाढविणेही अधिक लाभदायक. साठ मिलिमीटर जाडीच्या एका पंख्याच्या रेडिएटरपेक्षा तीस मिलिमीटर जाडीचा तीन पंख्यांचा रेडिएटर कमी आवाजात अधिक उष्णता घालवतो. कॅबिनेटमध्ये मावेल तेवढा मोठा रेडिएटर घेणे हाच शांततेचा सर्वांत खात्रीचा उपाय होय.

आवाजाचा हिशेब

पंख्याचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि आवाज त्याहूनही झपाट्याने. वेग २० टक्क्यांनी कमी केला, तर आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो. वेग निम्मा केला, तर सुमारे १५ डेसिबलने. दुसरीकडे, एकसारखे दोन पंखे लावले तर आवाज दुप्पट होत नाही, केवळ ३ डेसिबलने वाढतो. तीन लावले तर सुमारे ५ डेसिबलने. मानवी कानाला साधारण १० डेसिबलचा फरक दुप्पट किंवा निम्मा वाटतो.

यातून एक उपयुक्त निष्कर्ष निघतो. १८०० फेऱ्यांच्या एका पंख्याऐवजी तसेच तीन पंखे ९०० फेऱ्यांनी फिरविले, तर एकूण हवा दीडपट मिळण्याची क्षमता येते आणि आवाज सुमारे दहा डेसिबलने कमी, म्हणजे ऐकायला निम्मा होतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना पंखे लावण्याची पद्धतही आहे. त्यात दाब वाढतो, हवा दुप्पट होत नाही. ती दाट आणि जाड रेडिएटरसाठीच खर्चाच्या मोलाची.

डेसिबलचा आकडा सारे काही सांगत नाही. सलग सळसळ सहन होते. किणकिण, घरघर किंवा ठरावीक अंतराने चढउतार होणारा घुमारा त्रासदायक ठरतो. दोन पंख्यांच्या वेगात थोडा फरक असला की असा घुमारा निर्माण होतो. म्हणून एका रेडिएटरवर एकाच बनावटीचे पंखे लावावेत आणि ते एकाच जोडणीवरून नियंत्रित करावेत.

बेअरिंग आणि वेगनियंत्रण

साध्या स्लीव्ह बेअरिंगचे पंखे स्वस्त आणि सुरुवातीला शांत असतात. परंतु उष्णतेत त्यांचे वंगण लवकर सुकते आणि आडवे बसविल्यास ते अधिक झिजतात. बॉल बेअरिंग उष्णता चांगली सोसते, मात्र किंचित खरखर करते. द्रवगतिक बेअरिंगमध्ये शांतता आणि टिकाऊपणा यांचा चांगला मेळ साधतो. वऱ्हाडातील उन्हाळा लक्षात घेता याच प्रकाराला प्राधान्य द्यावे.

चार पिनांचा, म्हणजे पीडब्ल्यूएम पद्धतीचा पंखा मंद वेगातही स्थिर फिरतो. तीन पिनांच्या पंख्याचा वेग विद्युतदाब कमी करून उतरवावा लागतो आणि ठरावीक मर्यादेखाली तो थांबतो. पंख्यांचा वेग शक्य असल्यास प्रोसेसरच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानावर बांधावा. प्रोसेसरचे तापमान क्षणात उसळते आणि पंखे उगाच भुरभुर करीत वर-खाली होतात; पाणी सावकाश तापते, त्यामुळे पंख्यांची चालही संथ राहते.

धूळ, कूलर आणि दमट हवा

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळणीला सुरुवात झाली की कुटाराची बारीक धूळ गावोगावच्या हवेत असते. उन्हाळ्यात वावटळी तिची जागा घेतात. रेडिएटरवर धुळीचा पातळ थर बसला तरी उत्तम पंखाही निष्प्रभ होतो. हवा आत घेणाऱ्या बाजूस काढता येणारी जाळी असावी आणि धुळीच्या हंगामात ती आठवड्याला झटकावी. हवेच्या झोताने रेडिएटर साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. अन्यथा ती अतिवेगाने फिरून बेअरिंगला इजा होते.

विदर्भात उन्हाळा म्हणजे कूलर. कोरड्या हवेत तो खोलीचे तापमान दहा-बारा अंशांनी उतरवू शकतो आणि संगणकालाही याचा थेट लाभ मिळतो. मात्र कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट येऊ देऊ नये. त्यासोबत येणारे तुषार आणि पाण्यातील क्षार पत्र्यांवर साचतात, ओलसर धूळ चिकटून बसते. खिडकी उघडी ठेवून हवेला बाहेर जाण्यास वाट द्यावी. रेडिएटरवर दव साचेल, ही भीती मात्र अनाठायी आहे; त्यातील पाणी खोलीपेक्षा नेहमीच उष्ण असते. कूलर चालू असताना त्याच्या आवाजात संगणकाचे पंखे ऐकूही येत नाहीत. तेव्हा उन्हाळ्यात शांततेच्या हव्यासापायी वेग रोखून धरण्याचे कारण नाही. शांततेची खरी कसोटी कूलर बंद झाल्यावर, पावसाळ्यात आणि हिवाळ्यात लागते.

बसविताना घ्यावयाची काळजी

पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये फट राहिल्यास हवा तिथूनच निसटते. फोमची पट्टी लावून ती बुजवावी. पंख्याची नेहमीची जाडी २५ मिलिमीटर असते आणि त्यासाठी ३० मिलिमीटरचे स्क्रू पुरतात. त्याहून लांब स्क्रू रेडिएटरची नळी फोडू शकतो. तापलेल्या प्रदेशात रेडिएटरला कॅबिनेटबाहेरची ताजी हवा मिळणे श्रेयस्कर. परंतु त्यामुळे आतील इतर भाग तापतात, म्हणून मागे बाहेर फेकणारा एक पंखा हवाच. कॅबिनेटचे तोंड भिंतीला चिकटलेले नसावे.

अखेरीस एक प्रश्न स्वतःला विचारणे योग्य. प्रोसेसरची उष्णता शंभर-सव्वाशे वॉटच्या आत असेल, तर मोठा हवाशीतकही तेच काम कमी खर्चात आणि गळतीच्या धोक्याशिवाय करतो. त्याहून अधिक उष्णता तासन् तास निघणार असेल, तरच जलशीतनाचा विचार करावा. मग क्रम असा ठेवावा: प्रथम मावेल तेवढा मोठा आणि विरळ पत्र्यांचा रेडिएटर, नंतर दाब आणि वेगाची व्याप्ती पाहून एकसारखे पंखे, आणि शेवटी जाळी. रंगीबेरंगी दिव्यांचा विचार या साऱ्यानंतर केला तरी चालतो.