घरच्या संगणकावर भाषा का बसत नाही?

पायथन, जावा किंवा सी घरच्या संगणकावर ‘इन्स्टॉल झाली’ असे आपण म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असाव्या लागतात. भाषेच्या फाइली डिस्कवर उतरलेल्या असाव्यात. आपण नाव टाइप करताच त्या सापडाव्यात. आणि ज्या सापडल्या त्या आपल्याला हव्या होत्या त्याच असाव्यात. इन्स्टॉलर यांपैकी फक्त पहिल्या गोष्टीची हमी घेतो. शेवटच्या खिडकीत ‘सेटअप यशस्वी’ असे दाखवून तो मोकळा होतो. उरलेल्या दोन गोष्टींचा हिशेब कोणाकडेच नसतो, आणि नवशिक्याचा सगळा मनस्ताप त्यातूनच उभा राहतो. त्याचा संबंध ना त्याच्या बुद्धीशी असतो, ना भाषेच्या अवघडपणाशी.

हा प्रश्न संगणकाइतका जुना मात्र नाही. 1981 चा बीबीसी मायक्रो किंवा 1982 चा झेडएक्स स्पेक्ट्रम घेतला, तर बेसिक ही भाषा त्यांच्या रॉममध्येच असे. बटण दाबले की भाषाच समोर येई. शोधायला दुसरे काही नव्हतेच. भारतात 1984 साली सुरू झालेल्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले, आणि त्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला प्रोग्रॅम लिहिणे शक्य झाले. पुढे डॉसबरोबर क्यूबेसिक येत राहिले, तोवरही फारशी अडचण नव्हती. विंडोजच्या काळात भाषा यंत्रातून बाहेर पडली आणि बाहेरून आणून बसवण्याची वस्तू झाली. तिची ताकद अफाट वाढली हे खरे. पण यंत्र सुरू करणे आणि प्रोग्रॅम लिहिणे यांच्यामध्ये जी फट पडली ती बुजवण्याची जबाबदारी अलगद घरच्या माणसावर आली.

आता विंडोजवरच्या पायथनचा दाखला जवळून पाहू, कारण आज घरोघरी सर्वाधिक डोकेदुखी त्याचीच आहे. इन्स्टॉल संपते, माणूस उत्साहाने कमांड प्रॉम्प्ट उघडतो, ‘पायथन’ असे टाइप करतो आणि, विशेषतः जुन्या विंडोजवर, उत्तर येते, की हा अंतर्गत किंवा बाह्य आदेश, चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम किंवा बॅच फाइल म्हणून ओळखला जात नाही. या संदेशाची भाषा डॉसच्या जमान्यातली आहे. ‘डिर’, ‘कॉपी’, ‘सीडी’ असे काही आदेश कमांड प्रॉम्प्टच्या पोटातच असतात, ते अंतर्गत. बाकी सगळे बाह्य, म्हणजे डिस्कवरच्या स्वतंत्र फाइली. त्या शोधायला कमांड प्रॉम्प्ट आधी चालू फोल्डरमध्ये पाहतो आणि मग ‘पाथ’ नावाच्या यादीतले फोल्डर एकामागून एक तपासतो. या यादीत पायथनचा फोल्डर नसेल तर पायथन डिस्कवर असूनही नसल्यासारखाच. संदेशात मात्र यातले काहीच येत नाही. कुठे शोधले, कुठे शोधले नाही, यादी कोणती, एक अक्षर नाही. दोष जिथे घडला तिथला पत्ता न देता तो जिथे लक्षात आला तिथला पत्ता देणे, ही संगणकाच्या एरर-संदेशांची जुनी खोड आहे आणि इन्स्टॉलच्या बाबतीत ती सर्वांत महाग पडते.

पायथनचा अनेक वर्षे वापरात असलेला इन्स्टॉलर पहिल्याच खिडकीत, अगदी तळाशी, या यादीत नाव घालण्यासाठी एक छोटी चौकट दाखवतो. ती मुळात रिकामी असते. वर मोठ्या अक्षरांत ‘इन्स्टॉल नाऊ’ असते, आणि साहजिकच माणूस ते दाबतो. चौकट रिकामी ठेवण्याला कारण आहे. संगणकावर आधीपासून दुसरा पायथन असेल आणि एखादे सॉफ्टवेअर त्यावर चालत असेल, तर यादीत परस्पर ढवळाढवळ केल्याने ते बिघडू शकते. पण हा विचार चार पायथन बाळगणाऱ्या जाणकाराच्या सोयीचा आहे. ज्याच्याकडे एकही नाही त्याला यातून फक्त अडथळा मिळतो. शिवाय नेहमीच्या मार्गाने बसवलेला पायथन जातो तो ‘ॲपडेटा’ नावाच्या फोल्डरात, आणि हा फोल्डर विंडोज लपवून ठेवते. म्हणजे शोधायला जावे तर तोही दिसत नाही.

समजा, कोणीतरी सांगितले आणि त्या माणसाने सेटिंगमध्ये जाऊन यादीत पायथनचा फोल्डर हाताने घातला. प्रश्न सुटला का? बहुधा नाही, आणि इथे प्रकरण खरे रंगते. विंडोज 10 च्या मे 2019 च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने ‘पायथन’ याच नावाची एक नामधारी फाइल विंडोजमध्ये ठेवली. तिच्यात पायथन नाही. नाव टाइप केले की ती मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे पान उघडते. हेतू वाईट नव्हता, नवख्याला पायथन कुठे मिळेल ते दाखवण्याचा होता. पण ही फाइल ज्या फोल्डरात आहे तो वापरकर्त्याच्या यादीत आधीपासून बसलेला असतो, आणि ‘न्यू’ दाबून घातलेला नवा फोल्डर जातो शेवटी. शोध वरून खाली चालतो. पहिला सापडला की थांबतो. त्यामुळे खरा पायथन यादीत असूनही दुकानच उघडत राहते. इलाज सोपा आहे: आपला फोल्डर ‘मूव्ह अप’ने वर न्यायचा, किंवा सेटिंगमध्ये त्या नामधारी फाइलचे बटण बंद करायचे. पण हा इलाज सुचायला आधी हे कळावे लागते की यादीला क्रम असतो आणि एकाच नावाचे दोन दावेदार असू शकतात.

त्याहून चकवणारी गोष्ट वेळेची. यादी बदलली तरी आधीच उघडलेल्या खिडकीला ती कळत नाही, कारण प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना यादीची एक प्रत मिळते आणि तो शेवटपर्यंत तीच वापरतो. व्हीएस कोड या एडिटरच्या आतल्या टर्मिनलचा तर आणखी घोळ. तिथे टर्मिनल बंद करून नवे उघडले तरी भागत नाही, कारण त्याला प्रत मिळते ती आधीपासून चालू असलेल्या व्हीएस कोडकडून. अख्खा व्हीएस कोड बंद करून पुन्हा उघडावा लागतो. याचा परिणाम असा, की माणूस योग्य तेच करतो, पण पडताळणी जुन्या खिडकीत करतो आणि ‘हेही चालले नाही’ म्हणून बरोबर इलाज टाकून देतो. मग तो आपल्याला ठाऊक असलेला एकमेव उपाय करतो: पुन्हा इन्स्टॉल. या वेळी आणखी नवी आवृत्ती, कदाचित स्टोअरमधून, कदाचित ॲनाकोंडा हा पायथनचाच दुसरा संच. आता एकाच्या जागी तीन पायथन होतात, लायब्ररी बसवणारा ‘पिप’ ती एकात घालतो आणि एडिटर प्रोग्रॅम दुसऱ्यात चालवतो. इन्स्टॉलची दुखणी वाढतात ती अशी, मूळ दोषाने कमी आणि उपचाराने जास्त.

लायब्ररीचा टप्पा वेगळ्या कारणाने छळतो. पायथनची नवी आवृत्ती दरवर्षी ऑक्टोबरच्या सुमारास येते, आणि घरचा माणूस ‘लेटेस्ट ते उत्तम’ या समजुतीने तीच घेतो. फोन घेताना हा नियम ठीक असेल, इथे उलटा आहे. ज्या लायब्ररींत सी किंवा सी++ चा भाग असतो त्यांच्या तयार, संकलित प्रती सहसा प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळ्या बनवाव्या लागतात. नव्या आवृत्तीसाठी त्या तयार नसतील तर पिप मूळ सोर्स उतरवून घरच्या घरी संकलन करायला बसतो आणि मग लाल अक्षरांत मायक्रोसॉफ्टचे सी++ बिल्ड टूल्स मागतो. ते काही जीबींचे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा दोन जीबी डेटा वापरणाऱ्याला हा सल्ला म्हणजे थट्टाच. प्रत्यक्षात बहुतेक वेळा कंपायलरची गरजच नसते. वर्षभर जुना पायथन घेतला की तीच लायब्ररी चुटकीसरशी बसते. संदेश मात्र कंपायलर मागतो, कारण पिपला तेवढेच दिसते.

महाराष्ट्रात या सगळ्याला आणखी एक पदर आहे, टर्बो सी++ चा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा हा बोरलँडचा कंपायलर आपल्याकडच्या कित्येक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे प्रॅक्टिकलला वापरला गेला. तो सोळा-बिटचा आहे. चौसष्ट-बिटचे विंडोज सोळा-बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून आधी जुन्या डॉसची नक्कल करणारे डॉसबॉक्स, मग त्यात ड्राइव्ह माउंट करणे, मग ‘डिरेक्टरीज’च्या चौकटीत इन्क्लूड आणि लिबचे पत्ते हाताने भरणे. एवढे न करता शहाणपणाने आजचा जीसीसी कंपायलर बसवणाऱ्याची वेगळीच गत होते. त्याचे इन्स्टॉल बिनचूक असते, पण प्रॅक्टिकलच्या वहीतला प्रोग्रॅम ‘आयोस्ट्रीम डॉट एच’, ‘क्लिअरस्क्रीन’चा आदेश आणि ‘व्हॉइड मेन’ घेऊन येतो, आणि कंपायलर त्याला दारातच अडवतो. सी++ चे प्रमाण रूप 1998 साली ठरले; वही त्याआधीची बोली बोलते. विद्यार्थ्याला वाटते आपण चुकीचे काहीतरी बसवले. तो बरोबर असतो, वही शिळी असते.

घरचा संगणक यात मुळातच गैरसोयीच्या जागी आहे. कॉलेजच्या लॅबमध्ये सगळ्या यंत्रांची मांडणी सारखी असते आणि बघायला सर असतात. घरचे यंत्र सामायिक असते: वडिलांचे टॅक्सचे सॉफ्टवेअर, भावाचे गेम, मुदत संपलेला अँटिव्हायरस. खात्याचा फोल्डर पहिल्या दिवशी ज्या नावाने बनला तोच राहतो, नंतर नाव बदलले तरी. ते नाव मधल्या मोकळ्या जागेसह असेल, तर ‘मेक’सारखी जुनी साधने त्या जागेपाशी नाव तोडतात.

म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना एक मागणे आहे. ‘प्रथम सॉफ्टवेअर इन्स्टॉल करा’ हे एक वाक्य लिहून पुढे जाऊ नका. आवृत्तीचा नेमका आकडा छापा, कोणत्या विंडोजवर पडताळले ते सांगा, आणि पहिला पूर्ण तास या कामाला द्या. वाचकासाठी एवढेच: पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी नवी कमांड प्रॉम्प्टची खिडकी उघडून ‘व्हेअर पायथन’ हा आदेश द्या. यादीतले सगळे पायथन ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने समोर येतील. हे पॉवरशेलमध्ये करू नका. तिथे ‘व्हेअर’चा अर्थ वेगळा आहे आणि उत्तर काहीच येत नाही.