नाकारलेले पहिलेपण

स्त्रीबीजाचे फलन गर्भाशयात नव्हे, तर बीजवाहिनीत होते. दोन्ही बीजवाहिन्या बंद असतील, तर बीजकोश व गर्भाशय निरोगी असूनही नैसर्गिक गर्भधारणा होत नाही. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी अशा स्त्रीचे बीज शरीराबाहेर फलित केले, भ्रूण गोठवून ठेवला आणि नंतर गर्भाशयात सोडला. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कन्या जन्मली. जगातील पहिल्या ‘टेस्ट ट्यूब बेबी’नंतर अवघ्या दहा आठवड्यांनी.

राज्य सरकारच्या समितीने दावा फेटाळला. १९८१ मध्ये मुखोपाध्यायांनी जीवन संपवले. पुढे १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात जन्मलेली मुलगी भारतातील पहिली ठरली. त्या यशाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांच्या नोंदी अभ्यासल्या आणि १९९७ मध्ये पहिलेपणाचा मान जाहीरपणे त्यांना दिला.