कीचक, कर्झन आणि अथेन्सचा प्रेक्षक

भिवंडीहून कशेळीची खाडी ओलांडली की ठाणे लागते. तेथील जुन्या किल्ल्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे. १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या याच तुरुंगात फाशी देण्यात आले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन मारला गेला तो नाट्यगृहात. २१ डिसेंबर १९०९ च्या त्या रात्री 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. आजचा धागा मात्र दुसऱ्या नाटकाचा आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे 'केसरी'तील सहकारी. त्यांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटपर्वातली, घराघरांत ठाऊक असलेली. त्यात इंग्रजांचे नावही नाही. तरीही प्रेक्षकांना कोणी काही समजावून सांगावे लागले नाही. मदोन्मत्त कीचक म्हणजे बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन, विटंबना सोसणारी सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, धीर धरा म्हणणारा कंकभट म्हणजे मवाळ, आणि कीचकाचा कंठ आवळणारा बल्लव म्हणजे जहाल!

सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. शस्त्र तयारच होते: १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. त्याचा जन्म कलकत्त्यातला. युवराजांच्या भेटीवरील एका प्रहसनाने सरकार संतापले आणि त्यातून हा कायदा आला.

आता अथेन्सकडे वळू. तेथेही नाटकावर बंदी आली होती, आणि ती घातली लोकशाहीने. इ.स.पू. ४९४ मध्ये इराण्यांनी मायलेटस हे ग्रीक नगर उद्ध्वस्त केले. फ्रिनिकस या नाटककाराने ती ताजी जखम रंगभूमीवर आणली. हिरोडोटस लिहितो की सारे प्रेक्षागृह रडले. मग नागरिकांनी फ्रिनिकसला १००० द्राख्मांचा दंड केला आणि नाटकाचा प्रयोग कायमचा निषिद्ध ठरवला. पुढे ग्रीक शोकांतिका बहुधा पुराणकथांच्या आडूनच बोलल्या. एस्किलसचे 'पर्शियन्स' (इ.स.पू. ४७२) हा ठळक अपवाद, त्याच्या गायकवृंदाचा खर्च तरुण पेरिक्लीसने उचलला होता.

पुराणकथेचा पडदा खाडिलकरांनाही तीन वर्षे पुरला, हे लक्षात घ्या.

पण साम्य येथेच संपते. अथेन्समध्ये प्रेक्षागृहात बसणारा नागरिक लोकसभेत हात वर करून मतही देत असे, आणि नाट्यस्पर्धेचे परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. (स्त्रिया आणि गुलाम यांना मात्र मत नव्हते; 'सुवर्णयुग' म्हणताना हे विसरू नये.) इ.स.पू. ४२४ मध्ये ॲरिस्टोफेनीसने 'नाइट्स'मध्ये क्लिऑन या सर्वांत प्रबळ पुढाऱ्याची यथेच्छ टर उडवली. नाटकाला पहिले पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी त्याच नागरिकांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडूनही दिले! आपले हसू आणि आपले मत, दोन्ही त्यांच्याच हाती होती. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कर्झनला निवडताही येत नव्हते, काढताही येत नव्हते. म्हणूनच माझ्या मते 'कीचकवध' सरकारला इतके झोंबले: ज्यांना सभागृहात आवाज नव्हता, त्यांचा आवाज नाट्यगृहात टाळ्यांतून ऐकू येऊ लागला होता.

आणि तो १८७६ चा कायदा? स्वातंत्र्यानंतरही तो कायदेपुस्तकात राहिला. २०१८ साली तो रद्द झाला.