मुक्त विद्यालय : शिक्षणाची दुसरी संधी

बालविवाह, दारिद्र्य, स्थलांतर अथवा परीक्षेतील अपयश यांमुळे शालेय शिक्षण खंडित झालेल्या प्रौढांना ते पूर्ण करण्याची जी सोय असते, तिला दुसऱ्या संधीचे शिक्षण म्हटले जाते. साक्षरता वर्ग अक्षरओळख करून देतो. येथे प्रश्न दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राचा असतो.

भारतात या विचाराला संस्थात्मक रूप देणाऱ्यांत दुर्गाबाई देशमुख यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. राजमहेंद्री येथे १९०९ मध्ये जन्मलेल्या दुर्गाबाईंचा विवाह आठव्या वर्षीच झाला होता. स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगल्यानंतर त्यांनी बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा बाहेरून दिली, पदवी मिळवली, वकिली केली आणि पुढे त्या संविधान सभेच्या सदस्य झाल्या. त्या पहिल्या अध्यक्ष असलेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रमाची योजना सुरू केली. ग्रामीण भागात शिक्षिका, परिचारिका, ग्रामसेविका मिळत नव्हत्या; दुसरीकडे कामाची गरज असलेल्या स्त्रियांजवळ शालेय पात्रता नव्हती. या दोन्ही अडचणींची सांगड योजनेने घातली. शिक्षणाच्या टोकाला नोकरी दिसत होती, हे तिचे खरे बळ होय.

आज हे कार्य मुख्यत्वे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत चालते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या १९७९ मधील प्रकल्पातून १९८९ मध्ये ही स्वायत्त संस्था निर्माण झाली. प्रवेशास कमाल वयोमर्यादा नाही. पाच वर्षांच्या अवधीत नऊ वेळा परीक्षेस बसता येते आणि उत्तीर्ण विषयांचे गुण जमा राहतात. मजुरी वा संसार सांभाळून शिकणाऱ्यास ही सवलत फार मोलाची आहे, कारण हंगामाच्या दिवसांत एखादी परीक्षा चुकली तरी आधीचे श्रम वाया जात नाहीत.

तथापि प्रमाणपत्राचे मोल ते स्वीकारणाऱ्यावर अवलंबून असते. २०१८ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना अपात्र ठरवण्यात आले. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली.

वयाची अडचण अधिक व्यापक आहे. बालपणी पूर्ण झालेल्या शिक्षणाचे लाभ उशिरा मिळालेल्या प्रमाणपत्रास जसेच्या तसे लागू करणे योग्य नव्हे, कारण कमावण्याची वर्षे मध्यंतरी सरलेली असतात. केंद्र सरकारच्या मल्टी टास्किंग स्टाफ पदांसाठी दहावी उत्तीर्ण असणे पुरेसे असले, तरी त्यांपैकी अनेक पदांना सर्वसाधारण गटात पंचविसाव्या वर्षापर्यंतच अर्ज करता येतो. विधवा, घटस्फोटित अथवा न्यायालयीन आदेशाने विभक्त झालेल्या आणि पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना ३५ वर्षांपर्यंत सूट आहे. सर्वसाधारण गटातील जी विवाहिता संसार सांभाळत तिसाव्या वर्षी दहावी होते, तिच्यासाठी मात्र अशी सूट नाही.